आर-११ आणि जे-७९ ची कटअवे किट जोडी: जोडून, अडकून, दुरुस्त करून मग लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. ही दोन जेट इंजिनांची, आतलं सगळं दिसेल अशी, जोडायची मॉडेलं आहेत: रशियन मिग-२१ मधलं आर-११ आणि अमेरिकन एफ-१०४ मधलं जे-७९. किट चांगलं आहे, घ्या, पण दोन्ही इंजिनं एकदम घ्या, एकटं एक घेऊ नका, आणि आर-११ जोडताना आतल्या शाफ्टचा नायलॉन बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी) काढून पितळी टाका, नाहीतर ज्यासाठी पैसे घातले तीच गोष्ट दिसणार नाही. बुशचं माप शेवटी दिलंय.

आता सविस्तर. मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी टर्निंगला आहे, सोळा वर्षं झाली, दिवसभर हायड्रॉलिकचे स्पूल आणि स्लीव्ह काढतो, मायक्रॉनमध्ये काम असतं, त्यामुळं कुठलीही फिरणारी वस्तू हातात आली की पहिल्यांदा बोटानं फिरवून बघायची सवय लागलीय. आणि घरात मोठे काका एअर फोर्समधून रिटायर झालेले, इंजिन फिटर, कित्येक वर्षं मिग-२१ च्या इंजिनावरच. लहानपणी ते सुट्टीला आले की आम्ही पोरं विचारायचो विमान कसं उडतं आणि ते म्हणायचे विमान नाही रे, इंजिन उडतं, विमान त्याला धरून असतं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे इंजिन आतनं बघायचं. २०२५ च्या जुलैत बातमी आली की मिग-२१ सप्टेंबरमध्ये निवृत्त होणार, आमच्या गल्लीच्या मंडळात देखाव्याची चर्चा चाललेली, मी म्हटलं विमानाचं थर्माकोल सगळेच करतात, आपण इंजिन ठेवू. म्हणून ही जोडी ऑनलाईन मागवली. दोन्हीचे मिळून ७,४०० रुपये गेले, कुरिअर धरून.

पार्सलचं एकच सांगतो, मी राज्याच्या खान्यात कर्नाटक टाकलेलं, लेबलवर बेळगाव महाराष्ट्र छापून आलं आणि खोकं चार दिवस कोल्हापुरात पडून राहिलं. सीमाभागातल्या लोकांना हे नवीन नाही, पण ऑर्डर टाकल्यावर एकदा फोन करून खात्री करून घ्या.

स्केल १:१०. खरं आर-११ साधारण ४.६ मीटर लांब, तर किट ४६ सेंटीमीटर, आणि जे-७९ खरं ५.३ मीटर तर किट ५३. दोन्हीचं वरचं अर्धं कव्हर पारदर्शक ॲक्रिलिक, आतले डिस्क आणि ब्लेडं रेझिनची, शाफ्ट स्टीलचा. व्हर्नियर लावून बघितला, डिस्क चांगल्या आहेत, गोलाईत फरक जेमतेम, ब्लेडांना पीळ व्यवस्थित दिलाय, मुळाशी जाड आणि टोकाला पातळ, नुसती पंख्यासारखी सरळ पाती ठोकून दिलेली नाहीत. हे मला फार आवडलं, कारण इंजिनातली सगळी करामत त्या पिळात आहे.

पहिल्यांदा आर-११ घेतलं. मिग-२१ चं हेच इंजिन, रशियात मिकुलिन या डिझायनरच्या ब्यूरोत सुरू झालं आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यात तुमान्स्कीकडं आलं. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, सहाच स्टेज, म्हणजे फिरत्या ब्लेडांच्या सहा डिस्क, पुढच्या तीन लो प्रेशर, मागच्या तीन हाय प्रेशर. आणि शाफ्ट दोन, एकाच्या पोटातनं दुसरा. मागं जळलेल्या गॅसनं फिरणाऱ्या टर्बाइनही दोन, पहिली टर्बाइन हाय प्रेशरला फिरवते, दुसरी लो प्रेशरला. दोन्ही शाफ्टना एकमेकांशी जोडणारा गिअर नाही, कपलिंग नाही, मधनं फक्त हवा जाते. किटमध्ये मागच्या बाजूला दोन छोटी चाकं दिलीत, एक फिरवलं की पुढच्या तीन डिस्क फिरतात, दुसरं फिरवलं की मागच्या तीन. किंवा फिरायला पाहिजेत. त्यावर पुढं येतो.

रविवारी सकाळी टेबलावर पसारा मांडून बसलेलो, काका पिरनवाडीहून आलेले, चहा घेत मागं उभे राहून बघत होते. मी पुढच्या तोंडाला ती स्थिर पात्यांची रिंग बसवायला घेतली, किटच्या कागदात पहिलीच स्टेप ती आहे, तेवढ्यात ते म्हणाले,

"हे काय बसवूलास गा?"

"गाइड व्हेन काका, हवा वळवायला पुढं असतात नव्हं."

"आर-इलेव्हनला नसतात. काढ ते. पहिली ब्लेडंच सरळ तोंडाला असतात, आम्ही हात घालून एकेक ब्लेड पुसलंय, मधे काय नसतंय."

आणि त्यांचं बरोबर आहे. आर-११ ची ही खासियतच आहे की पुढं इनलेट गाइड व्हेन ठेवल्याच नाहीत, पहिल्या स्टेजचा रोटर पुढच्या बेअरिंगच्याही पुढं निघालेला, ओव्हरहँग. आमच्या धंद्यात ओव्हरहँग म्हटलं की माणूस दचकतो, टूल जरा जास्त बाहेर काढलं तरी चॅटर मारतं, म्हणजे थरथरतं, आणि इथं अख्खी डिस्क मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरणारी बाहेर लटकवलीय. त्या ब्लेडांची टोकं हवेला आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं कापतात. म्हणूनच सहा स्टेजमध्ये हवा जवळजवळ नऊपट दाबली जाते. किट बनवणाऱ्यानं बहुतेक दुसऱ्या कुठल्या इंजिनाचं तोंड याला लावलं. ही चूक मोठी आहे, कारण जो हे इंजिन ओळखतो त्याची नजर पहिल्यांदा तोंडाकडंच जाते. सुदैवानं रिंग वेगळा पार्ट आहे, न लावता पुढं गेलं तरी काही अडत नाही. तुम्हीही लावू नका.

मग तो बुश. आतला शाफ्ट ३ एमएमचा रॉड, बाहेरचा शाफ्ट ट्यूब, आतनं ५ एमएम, आणि मधे दोन्ही टोकांना नायलॉनचा बुश. पहिल्या दिवशी फिरलं. दुसऱ्या दिवशी जड झालं. तिसऱ्या दिवशी एक चाक फिरवलं की दुसरंही सोबत फिरायला लागलं, बुश आतल्या रॉडला धरून बसलेला. आता बघा, या इंजिनाचा सगळा जीव त्या दोन शाफ्टच्या स्वतंत्र फिरण्यात आहे, आणि किटमध्ये नेमकं तेच बंद पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल चांगलं फिरतंय की. पण मग आर-११ आणि एका शाफ्टच्या इंजिनात फरक काय राहिला?

दोन शाफ्ट कशाला लागतात हे मला स्वतःला नीट कळलं ते हा बुश बदलताना. आमच्याकडं चिक्कोडी निपाणी हुक्केरीपर्यंत साखर कारखाने आहेत, ज्यानं मिल बघितलीय त्याला लगेच समजेल. ऊस एकामागं एक रोलरमधनं जातो. पहिल्या रोलरनं भसाभस आत ओढला आणि मागच्या रोलरांना तेवढा झेपला नाही की मधे गच्च बसतो, चोकअप, मग मिल थांबवा. जेटच्या कॉम्प्रेसरचं अगदी तसंच आहे. पुढच्या स्टेज मोठ्या, मागच्या लहान होत जातात कारण हवा दाबली गेली की कमी जागेत मावते. पूर्ण स्पीडला सगळं बरोबर जुळतं. पण इंजिन सुरू होताना किंवा पायलटनं थ्रॉटल कमी केल्यावर हवा तेवढी दाबली जात नाही, मागं मावत नाही, पुढच्या ब्लेडांवरनं हवा सुटते, आणि दाबलेली हवा उलटी पुढच्या तोंडातनं बाहेर येते. धडाम आवाज होतो, त्याला सर्ज म्हणतात. काका सांगतात की ग्राउंड रनला तो आवाज एकदा ऐकला की आयुष्यभर विसरत नाही, पायाखालचं काँक्रीट हलतंय असं वाटतं.

आवाजापेक्षा वेगानं जायचं तर हवा जास्त दाबायला पाहिजे, जास्त दाबायची तर चोकअपची भीती वाढते. पन्नासच्या दशकात सगळ्या इंजिनवाल्यांपुढं हा एकच प्रश्न होता. आणि त्याची दोन उत्तरं निघाली. एक, पुढच्या रोलरला वेगळी मोटर द्या, तो आपल्या चालीनं फिरेल, मागचा आपल्या. म्हणजे दोन शाफ्ट. अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीनं जे-५७ मध्ये हेच केलं, पुढं ९ स्टेज आणि मागं ७, आणि त्या इंजिनावर एफ-१०० हे विमान २५ मे १९५३ ला पहिल्याच उड्डाणात आवाजाच्या पुढं गेलं. आर-११ त्याच वाटेवरचं, पण १६ स्टेजचं काम ६ स्टेजमध्ये भागवायला निघालेलं. दाब त्याच्याएवढा नाही तयार होत, पण वजन बघा, खरं आर-११ सव्वाअकराशे किलोच्या आसपास आहे, पार्ट कमी, ब्लेडं कमी, उघडून परत बसवायला सोपं.

दुसरं उत्तर म्हणजे जे-७९, आणि म्हणून मी म्हणतो दोन्ही एकदम घ्या.

जे-७९ जनरल इलेक्ट्रिकचं. शाफ्ट एकच. त्या एका शाफ्टवर कॉम्प्रेसरच्या १७ डिस्क आणि मागं टर्बाइनच्या ३. किटमध्ये या १७ डिस्क ओवायला माझा अख्खा रविवार गेला, प्रत्येकीला नंबर आहे पण ९ आणि ६ वाचताना गोंधळ होतो, खाली रेघ मारलेली नाही, मार्करनं आधीच खुणा करून घ्या. एकाच शाफ्टवर १७ स्टेज म्हणजे चोकअप होणारच, मग यांनी काय केलं, डिस्कच्या मधे जी स्थिर पाती असतात ती स्थिर ठेवलीच नाहीत. पुढच्या गाइड व्हेन आणि त्यामागच्या सहा ओळी, सगळ्या एकदम वळतात. स्पीड कमी असला की पाती मिटत येतात, हवा कमी आत येते, स्पीड वाढला की उघडतात. रोलरला ऊस किती द्यायचा ते ऊस आणणाऱ्या कॅरिअरवरच ठरवलं, असं समजा.

आणि हा भाग किटमध्ये इतका सुंदर केलाय की त्याच्यासाठी मी बाकीच्या चुका माफ करायला तयार आहे. कव्हरच्या बाहेर एक लांब लिव्हर, त्याला जोडलेल्या सात रिंगा, प्रत्येक रिंगेला छोट्या कड्या, प्रत्येक कडीला एक पातं. लिव्हर बोटानं ढकलला की सातही ओळी एका वेळी वळतात, पण सारख्या नाही, पुढची ओळ जास्त वळते, मागं जाईल तशी कमी. मी टॉर्च लावून तासभर बघत बसलेलो. घरात पुतणी दहावीला आहे, ती म्हणाली हे खिडकीच्या लूव्हरसारखं आहे, एक दांडी ओढली की सगळ्या काचा वळतात. अगदी तेच. एवढ्या कड्या, एवढे पिव्हट, खऱ्या इंजिनात गरम होणार, थरथरणार, त्यात कुठं ढिलाई आली तर एक ओळ उघडी आणि एक मिटलेली, हे ज्या लोकांनी तेव्हा करून दाखवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातला मुख्य माणूस गेरहार्ड नॉइमन, जन्मानं जर्मन, दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये अमेरिकन विमानं दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, हातात पाना घेऊन सुरुवात केलेला माणूस. अमेरिकेत विमानक्षेत्रासाठी देतात ती कॉलियर ट्रॉफी १९५८ ची एफ-१०४ आणि जे-७९ च्या लोकांना मिळाली त्यात त्याचं नाव आहे. जे-७९ पुढं सतरा हजारांच्या वर बनली.

एफ-१०४ ला हे इंजिन किती लागू पडलं ते यावरनं कळतं की त्याचा पहिला नमुना १९५४ मध्ये दुसऱ्याच इंजिनावर उडालेला आणि आवाजाच्या दुप्पट वेगाला पोचलाच नाही, १९५६ ला जे-७९ घातलेला पुढचा नमुना पोचला. तिकडं रशियातही १९५६ लाच मिग-२१ च्या आधीचे नमुने आर-११ वर उडायला लागलेले. म्हणजे दोन देश एकमेकांचं न बघता, एकाच सुमाराला, एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं घेऊन आकाशात गेले. आणि ती दोन्ही उत्तरं समोरासमोर आली कुठं, तर आपल्याकडं. १९७१ च्या युद्धात १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ नं पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं. एकात आर-११, दुसऱ्यात जे-७९. माझ्या टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर हा विचार आला आणि अंगावर काटा आला. त्या दिवशीचा निकाल इंजिनानं लावला असं मी म्हणणार नाही, पायलट होता, उंची होती, बाकी किती गोष्टी असतात. पण दोन्ही इंजिनं त्या दिवशी पूर्ण रीहीटला होती हे नक्की समजा, त्याशिवाय तसला पाठलाग होतच नाही.

रीहीट म्हणजे आफ्टरबर्नर, काका लोक रीहीटच म्हणतात. दोन्ही किटमध्ये मागच्या पाइपात केशरी एलईडी आहे आणि तोंडाशी पाकळ्यांचं नॉझल, रिंग फिरवली की पाकळ्या उघडतात. इथं किटवाल्यानं एक गोष्ट चांगली केलीय, पाकळ्या मिटलेल्या असताना एलईडी लागतच नाही, आत छोटा स्विच आहे. खऱ्या इंजिनातही तसंच पाहिजे. टर्बाइनच्या मागनं जो गॅस येतो त्यात बराच ऑक्सिजन न जळता शिल्लक असतो, कारण पुढच्या चेंबरमध्ये सगळा जाळला तर टर्बाइनची ब्लेडं वितळतील. म्हणून टर्बाइन ओलांडल्यावर परत इंधन फवारायचं, तिथं फिरणारं काही नाही, बरंच जास्त गरम झालं तरी चालतं. पण गॅस फुगतो, तर वाट मोठी करावी लागते, नाहीतर मागं दाब वाढून पुढचा कॉम्प्रेसर चोक. जोर दीडपटीच्या आसपास होतो आणि इंधन दुपटीहून बरंच जास्त पिते. काका म्हणतात रीहीट लावला की फ्युएलचा काटा डोळ्यांनी खाली येताना दिसायचा म्हणून पायलट सांगायचे.

माहितीपुस्तिकेबद्दल मात्र नाराज आहे. आर-११ चा जोर किलोत दिलाय, ५,७४०, आणि जे-७९ चा पाउंडात, १५,६००, शेजारी शेजारी, युनिट बारीक अक्षरात. गल्लीतली पोरं वाचून लगेच म्हणाली अमेरिकेचं इंजिन तिप्पट ताकदीचं. अरे नाही, १५,६०० पाउंड म्हणजे सुमारे ७,०८० किलो. आणि जे-७९ वजनालाही जास्त आहे, प्रकाराप्रमाणं दीड टनापासून पावणेदोन टनापर्यंत. शेवटी मी स्वतः मराठीत एक तक्ता लिहून दोन्हीच्या खाली चिकटवला. पोरांना शिकवायला म्हणून किट विकता तर एवढं तरी नीट करा.

आणि त्याच पुस्तिकेत एक वाक्य आहे की भारताच्या मारुत विमानातही हेच आर-११ होतं. हे वाचून काकांनी पुस्तिका मिटून टेबलावर ठेवली आणि बराच वेळ बोलले नाहीत.

मारुतची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि चुकीची छापली गेली तर वाईट वाटतं. एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचं एचएफ-२४ मारुत, कुर्त टँक या जर्मन डिझायनरच्या टीमनं आपल्या लोकांबरोबर बेंगळुरात बनवलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. सांगाडा असा की आवाजापेक्षा वेगानं जावं. पण त्याला इंजिन मिळालं ते ब्रिस्टलचं ऑर्फियस ७०३, दोन बसवलेली, एकेकाचा जोर २,२०० किलो, रीहीट नाही. ऑर्फियस चांगलं इंजिन, नॅट या छोट्या लढाऊ विमानातही ऑर्फियसच, साधं आणि हलकं, पण या विमानाला पुरणारं नव्हतं. रीहीट असलेलं ऑर्फियस आपल्याला मिळालं नाही. मग इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या ई-३०० इंजिनावर आशा ठेवली, एक मारुत तिकडं पाठवून त्यावर चाचण्याही झाल्या, तेही बारगळलं. बेंगळुरात जीटीआरई या जेट इंजिनांच्या सरकारी संशोधन संस्थेनं ऑर्फियसला स्वतः रीहीट बसवायचं काम घेतलं, आणि तसलं विमान चाचणीला नेताना १० जानेवारी १९७० ला ग्रुप कॅप्टन सुरंजन दास गेले. बेंगळुरात एचएएलकडं जाताना सुरंजन दास रोड लागतो, कामासाठी कितीदा त्या रोडनं गेलोय, नाव कुणाचं ते या किटच्या निमित्तानं काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. मारुत १९७१ ला लोंगेवालाच्या बाजूला जमिनीवरच्या हल्ल्यांत चांगलं लढलं, पण सपाट उड्डाणात आवाजाच्या पुढं कधी गेलं नाही. इंजिन नसल्यामुळं. त्या विमानात आर-११ होतं असं छापणं म्हणजे त्या सगळ्या माणसांचे कष्ट पुसून टाकण्यासारखं आहे. विक्रेत्यानं पुढच्या छपाईत हे काढलंच पाहिजे, आणि जमलं तर ऑर्फियसचंही किट काढावं, मी पहिला घेईन.

विक्रेत्याची सर्व्हिस कशी? आर-११ च्या नॉझलची एक पाकळी खोक्यात नव्हती आणि जे-७९ मध्ये १२ नंबरच्या दोन डिस्क आलेल्या, १३ नंबर नाही. मेसेज केला, फोटो मागितला, दिला. परत दुसऱ्या बाजूनं फोटो मागितला, दिला. त्यानंतर उत्तर बंद. गाइड व्हेनची चूक आणि मारुतची चूक दोन्ही सविस्तर लिहून पाठवली, त्यावर आभारी आहोत एवढं एक ओळीचं आलं. पाकळी मी ०.५ च्या पत्र्यातनं कापली, डिस्क एका मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर काढली. ज्याच्याकडं ही सोय नाही त्यानं काय करायचं? खोकं उघडतानाच व्हिडिओ करा आणि पहिल्या दिवशीच सगळे पार्ट मोजा.

गणपतीत दोन्ही इंजिनं देखाव्यात ठेवली, सोबतची मोटर जोडून. ती मोटर अकरा दिवस चालायच्या लायकीची नाही, तिसऱ्या दिवशी रात्री गरम होऊन बंद. बाजारातनं १२ व्होल्टची गिअर मोटर आणली, ६० आरपीएमची, ती विसर्जनापर्यंत चालली, दिवसातले सहा सात तास. हळू फिरतं ते उलट चांगलं, लोकांना ब्लेडं मोजता येतात. काका रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या पोरांना आर-११ ची दोन चाकं स्वतःच्या हातानं फिरवायला द्यायचे, आधी एक, मग दुसरं, आणि विचारायचे, आता दुसरं का नाही फिरलं? एक दिवस सांबऱ्याच्या एअर फोर्स ट्रेनिंग स्कूलमधली चार पोरं आली, साध्या कपड्यात, केस बारीक कापलेले म्हणून ओळखू आली. त्यातल्या एकानं पुढच्या तोंडाकडं बघून विचारलं, सर, गाइड व्हेन तुटल्या का? काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्याला शेजारी बसवून अर्धा तास समजावलं, मिगची शेपटी कशी सुटी करून मागं ओढायची, मग इंजिन ट्रॉलीवर कसं घ्यायचं, मिगच्या टाइप ७७ या प्रकाराला काय आणि नंतरच्या बिस या प्रकाराला काय. बिसमध्ये आर-२५, ओडिशात कोरापूटला एचएएलनं बनवलेलं, रीहीटला ७,१०० किलोचा जोर. म्हणजे जे-७९ नं एफ-१०४ मध्ये जेवढा दिला तेवढा, तोही मिगच्या त्याच सडपातळ अंगात.

२६ सप्टेंबरला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ ला तिथंच आपल्याकडं सुरू झालेलं. आम्ही टीव्हीवर बघितलं. काकांनी आर-११ मांडीवर घेतलेलं.

आता ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी. दहावीच्या पुढच्या पोरांना, आयटीआय पॉलिटेक्निकवाल्यांना, शाळेच्या सायन्स रूमला जरूर घ्या, पण लहान पोरांच्या हातात देऊ नका, जे-७९ च्या कड्या नाजूक आहेत, मी चार तोडल्या. गोंद म्हणून फेव्हिक्विक ॲक्रिलिकजवळ वापरू नका, पांढरी वाफ धरते, दोन भागांचा इपॉक्सी वापरा. आणि बुश: पितळी, बाहेरून ५ एमएम हलका प्रेस फिट, आतून ३.०५, लांबी ८, दोन नग. आतला भोक रीमरनं काढा, नुसता ड्रिल मारलेला चालत नाही. एक थेंब शिलाई मशीनचं तेल. हे सगळं दुसऱ्या टर्बाइनची डिस्क चिकटवायच्या आधी करायचं, ती एकदा चिकटली की आतला शाफ्ट बाहेर येत नाही, मला डिस्क कापून काढावी लागली. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याला माप दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये सांगा, मी दोन बुश काढून ठेवीन, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ येऊन घेऊन जा.